गुडघ्याएवढ्या वेली, डोक्यावरचे मांडव: सिसिलीतल्या द्राक्षबागा

शनिवार, त्रापानी

इटलीच्या सिसिली बेटावर द्राक्षाची तोडणी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते आणि नोव्हेंबर उजाडला तरी एटना ज्वालामुखीच्या उतारावर कुठं ना कुठं चालूच असते. एकाच बेटावर शंभरेक दिवस लांबलेली सुगी. आम्ही मुद्दाम सप्टेंबरची सुरुवात धरली. पांतेल्लेरिया या छोट्या बेटावर द्राक्षं उन्हात वाळत असणार, मार्सालाच्या बाजूला तोडणी जोरात असणार आणि एटनावर अजून मण्यांत रंग भरत असणार. एका फेरीत सगळ्या अवस्था बघून होतील, हा हिशेब.

आम्ही म्हणजे मी आणि दादा. दादाची तासगाव तालुक्यात थॉमसन आणि सोनाकाची बाग आहे, स्वतःचं बेदाणा शेड आहे. मी पुण्यात नोकरी करतो आणि वाईन आवडीनं पितो. दादा माळकरी, थेंबाला शिवत नाही. त्यामुळे कामाची वाटणी आपोआप झाली: बागेत तो बोलणार, तळघरात मी.

त्रापानीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, संध्याकाळी पोचलो. बुझियाते नावाचा पिळदार पास्ता खाल्ला. त्यावर बदाम, टोमॅटो, लसूण आणि बेझिलची कुटून केलेली चटणी असते. दादानं दोनदा घेतला. शाकाहारी माणसाचं सिसिलीत काय होणार, ही आईची काळजी पहिल्याच रात्री मिटली.

रविवार, पांतेल्लेरिया

त्रापानीहून छोटं विमान पाऊण तासाच्या आत पांतेल्लेरियाला उतरवतं. बेट इटलीचं, पण सिसिलीपेक्षा ट्युनिशियाला जवळ. आफ्रिकेचा किनारा जेमतेम ७० किलोमीटरवर. ८३ चौरस किलोमीटरचा काळा ज्वालामुखी खडक, मधोमध ८३६ मीटरचा माँतान्या ग्रांदे, आणि वारा. विमानाच्या शिडीवरून उतरतानाच दादाची टोपी गेली. अरबांनी शेकडो वर्षांपूर्वी इथं वस्ती केली, त्यामुळे वाड्यांची नावं अजून खाम्मा, गादीर, बुक्कुराम, बुजेबेर अशी.

भाड्याच्या गाडीतून बाहेर पडल्यावर पहिला अर्धा तास आम्हाला बागच दिसली नाही. दगडी बांध दिसत होते, पायऱ्यापायऱ्यांची जमीन दिसत होती, आणि तिच्यावर हिरवे ठिपके. "भोपळ्याचं रान हाय व्हय?" असं दादानं विचारलं. गाडी थांबवून जवळ गेलो तेव्हा कळलं की तीच द्राक्षबाग. वेल गुडघ्याच्याही खाली. प्रत्येक वेलीसाठी जमिनीत उथळ खळगा केलेला, खोड त्या खळग्यात, आणि खोडाच्या आखूड हातांवरून काड्या चारी बाजूंना जमिनीलगत पसरलेल्या. ना खांब, ना तार, ना ठिबकची नळी. ज्याची हयात सहा-सात फुटी मांडवाखाली मान वर करून घड बघण्यात गेली, तो माणूस इथं गुडघे टेकून पानं बाजूला सारत होता.

या पद्धतीला आल्बेरेल्लो म्हणतात. आल्बेरेल्लो भूमध्य समुद्राच्या काठाला सगळीकडे आहे, पण पांतेल्लेरियाचा खळग्यातला प्रकार वेगळा. खळग्याची दोन कामं. एक, वाऱ्यापासून आडोसा. इथं वर्षातले बहुतेक दिवस वारा असतो, आणि समुद्रावरून येणारा वारा मीठ घेऊन येतो. तारेवर चढवलेली वेल फुलोऱ्यातच झोडपली गेली असती. दुसरं, पाणी. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आत, तोही जवळजवळ सगळा हिवाळ्यात. ओढा नाही, नदी नाही. जो थेंब पडेल तो खळग्यात मुरतो, आणि रात्री हवेतला ओलावाही तिथंच टिकतो. खालची ज्वालामुखी माती भुसभुशीत, पाणी धरून ठेवणारी. उन्हाळ्याचे चार महिने वेल त्यावर काढते.

सावळज भागात टँकरनं पाणी घालून बागा जगवलेल्या दादानं पाहिल्यात, त्यात त्याची स्वतःचीही एक आहे. तो बराच वेळ त्या खळग्याजवळ बसून राहिला. मग म्हणाला, "एकरी किती निघत असंल?" आमच्या मानानं फारच थोडं. निर्यातीच्या बागेत आपण एकरी टनांत बोलतो. इथं एका वेलीला मोजके घड आणि ते काढायला माणूस दिवसभर ओणवा. यंत्र या बांधांवर चढूच शकत नाही. २०१४ साली युनेस्कोनं या लागवडीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, आणि शेतीची एखादी पद्धत अशा यादीत जाण्याची ती पहिलीच वेळ, असं इथले लोक अभिमानानं सांगतात. पण बांध पडलेल्या, वेली सुकलेल्या, झुडपं माजलेल्या पायऱ्याही जागोजागी दिसतात. वारसा जाहीर झाला म्हणून ओणवं व्हायला पोरं मिळतात असं नाही.

द्राक्षाची जात झिबिब्बो, म्हणजे मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया. मोठा मणी, जाड साल, आत बी. तोंडात टाकला की आधी गुलाबाचा, मग संत्र्याच्या फुलाचा वास येतो. दादानं साल दातानं सोलून वेगळी चावून पाहिली, बी मोजल्या, आणि निकाल दिला: वासाला शंभर मार्क, बाजाराला शून्य.

सोमवार, अजून पांतेल्लेरिया

आजचा दिवस दादाचा. एका शेतकऱ्याचं वाळवणाचं अंगण पाहायला मिळालं. दक्षिणेकडे तोंड केलेला उतार, मागं दगडी भिंत, खाली घड एकेरी पसरलेले. ऑगस्टच्या मध्याला पहिली तोडणी होते ती या वाळवणासाठी. ऊन आणि वारा एवढंच भांडवल. घड हातानं उलटायचे, रात्री दव पडतं म्हणून झाकायचे, सकाळी उघडायचे. तीन ते चार आठवड्यांत मणी तपकिरी होऊन आखडतो.

आपल्याकडं थॉमसनचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून किंवा त्यावर फवारून शेडमध्ये जाळीच्या रॅकवर टाकतात. सालीवरचा मेणाचा थर त्या द्रावणानं फुटतो, पाणी लवकर निघतं, आणि सावलीमुळं हिरवा-पिवळा रंग टिकतो. दोन आठवड्यांत माल झाडणीला येतो. पांतेल्लेरियाच्या पासितोसाठी, म्हणजे वाळवलेल्या द्राक्षांच्या गोड वाईनसाठी, यातलं काही करत नाहीत, कारण त्यांना रंग नको, साखर आणि वास हवा. सावकाश वाळताना वास बदलतो. ताज्या मण्यात गुलाब होता, वाळलेल्यात जर्दाळू आणि अंजीर. दादानं तीन टप्प्यांचे मणी मागून घेतले आणि तळहातावर मांडून खाल्ले. शेतकऱ्याला आमची भाषा येत नव्हती आणि दादाला त्याची, तरी दोघं मण्याची साल बोटांनी चोळून एकमेकांना दाखवत होते. मी मोबाईलवर भाषांतर करून द्यायला गेलो तर दादा म्हणाला, "तू गप ऱ्हा की जरा."

आता माझा भाग. पासितो दि पांतेल्लेरियाला १९७१ पासून दर्जाचं संरक्षण आहे. वाळलेल्या द्राक्षांचा नुसता रस काढून ती होत नाही. रस काढायला त्यांच्यात उरतं काय? सप्टेंबरात उशिरा तोडलेल्या ताज्या झिबिब्बोचा रस आंबायला लावतात आणि त्या फसफसत्या रसात देठ काढलेले वाळलेले मणी थोडेथोडे सोडतात. मणी फुगतात, साखर आणि वास रसात उतरतो, यीस्ट दमतं, आणि आंबणं थांबतं तेव्हा भरपूर साखर शिल्लक असते. चांगल्या पासितोत ती जड लागत नाही, कारण खालून आंबटपणा आणि किंचित खारटपणा तिला उचलून धरतो. दोन्नाफुगाताची बेन रिए ही यातली सगळ्यात नावाजलेली. मी प्यालो, नाव खोटं नाही. पण एका लहान शेतकऱ्याकडची, किंचित गढूळ, मला जास्त आवडली. तिच्यात संत्र्याच्या सालीचा कडवटपणा होता, आणि गोड वाईनला तो लागतोच.

दुपारी इथला जार्दिनो पाहिला. गोल, माणसापेक्षा उंच दगडी भिंत, वर छप्पर नाही, आणि आत एकच संत्र्याचं झाड! एका झाडासाठी एवढा दगड रचायचा, कारण तो आडोसा नसेल तर झाड वाढतच नाही. भिंतीचे काळे दगड रात्री गार होतात, ओलावा धरतात. घरंही याच विचाराची: दाम्मुसो म्हणजे जाड दगडी भिंतींचं, घुमटी छपराचं घर. घुमटावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून खालच्या टाकीत. द्राक्षाच्या बांधांवर केपरची झुडपं लटकलेली असतात. त्यांच्या कळ्या मिठात मुरवतात आणि बटाटा, टोमॅटो, कांद्याच्या कोशिंबिरीत घालतात. रात्रीचं जेवण तेच.

मंगळवार, मार्साला आणि मोझिया

मार्सालाला आलो आणि जमीन सपाट झाली. मिठागरं, पवनचक्क्या, उथळ खाडी आणि आतल्या बाजूला नजर पोचेल तिथवर द्राक्ष. बाग इथं कमरेपर्यंत आली, बऱ्याच ठिकाणी तारेवर चढलेली. जुन्या आल्बेरेल्लोच्या पट्ट्या अधूनमधून दिसतात. मुख्य जात ग्रिल्लो. ती कातार्रात्तो आणि झिबिब्बो यांच्या संकरातून आलेली. १८७४ च्या सुमारास बॅरन अँतोनियो मेंदोला या द्राक्षतज्ज्ञानं हा संकर केला. कडक ऊन सोसते, साखर भरपूर धरते, आणि तरी आंबटपणा पूर्ण सोडत नाही.

मार्सालाची गोष्ट सगळे सांगतात, मी थोडक्यात सांगतो. १७७३ साली जॉन वुडहाऊस हा लिव्हरपूलचा व्यापारी इथं आला, स्थानिक वाईन त्याला आवडली, ती इंग्लंडपर्यंत टिकावी म्हणून त्यानं पिंपांत द्राक्षाची दारू मिसळली. पुढं इंग्रजांचा दर्यासारंग नेल्सन यानं आपल्या ताफ्यासाठी ती मागवली. १८३३ साली विंचेंझो फ्लोरिओनं इंग्रजांच्या शेजारीच आपली वखार टाकली. १८६० मध्ये इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गारिबाल्दी आपली माणसं घेऊन याच बंदरात उतरला. नंतर मात्र या वाईनची वाट लागली. अंडं घातलेली, कॉफी घातलेली, अशी कसलीही बाटली मार्साला म्हणून खपू लागली. १९८४ च्या कायद्यानं ते बंद केलं, तोवर जगभरात मार्साला म्हणजे स्वयंपाकातली बाटली हे पक्कं झालं होतं.

ती तशी नाही, हे कळायला मार्सालाचा व्हेर्जिने हा प्रकार मागावा. बाकी प्रकारांत फिने एक वर्ष ठेवलेली असते, सुपेरिओरे दोन, रिझेर्वा चार. व्हेर्जिनेला लाकडात किमान पाच वर्षं लागतात आणि तिच्यात आटवलेला रस किंवा गोडी काही घालता येत नाही. मी प्यालेली कोरडी होती; वासाला अक्रोड, जुनं लाकूड, समुद्र. दादानं नुसता वास घेतला आणि "काकवीचं गुऱ्हाळ बंद झाल्यावर येतो तसा" म्हणाला. मला त्याहून चांगलं वर्णन सुचलं नाही. मार्को दे बार्तोलीनं १९८० च्या सुमारास वेक्यो साम्पेरी बाजारात आणली. इंग्रज यायच्या आधी इथले लोक पिंपातून काढायचे तेवढीच नवी वाईन वर भरत जायचे, ती तशी. वरून दारू न मिसळल्यामुळं कायद्यानं तिला मार्साला म्हणता येत नाही. गावातली सगळ्यात जुन्या वळणाची वाईन गावाचं नाव लावू शकत नाही!

संध्याकाळी होडीनं मोझियाला गेलो. हे फिनिशियन लोकांचं बेट, इथल्या संग्रहालयात १९७९ साली सापडलेला संगमरवरी तरुणाचा पुतळा आहे. झिरझिरीत कापडाच्या चुण्या दगडात अशा कोरल्यात की दादा मागून-पुढून फिरत राहिला. बेटावर ग्रिल्लोची बुटकी बाग आहे. तोडलेली द्राक्षं सपाट बुडाच्या होड्यांतून खाडीपार नेतात. खाडी इतकी उथळ की दुसरी होडी चालायचीच नाही.

बुधवार, मेन्फी ते कानिकात्ती

दक्षिण किनाऱ्याचा रस्ता. मेन्फीला थांबलो ते सेत्तेसोली या सहकारी संस्थेसाठी. १९५८ ची स्थापना, दोनेक हजार सभासद शेतकरी. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग, काट्यावर वजन, साखरेचं मोजमाप, पावती. सांगलीच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. फक्त ट्रॉलीत उसाऐवजी द्राक्ष. भावावरून कुरकुर होती की नाही ते भाषेअभावी कळलं नाही, पण चेहरे ओळखीचे वाटले.

आग्रिजेंतोची ग्रीक देवळं भर उन्हात बघितली, छायाचित्रं काढली, पुढं निघालो.

कानिकात्तीच्या टेकड्या चढताना दादा एकदम "मांडव!" म्हणून ओरडला. खरंच मांडव. इथं तेंदोने म्हणतात: खांब, वर तारांचं जाळं, वेल डोक्यावर पसरलेली, घड खाली लोंबणारे. ही वाईनची नव्हे, खायची द्राक्षं. जात इताल्या. १९११ साली अल्बेर्तो पिरोवानो यांनी बिकान आणि मस्कत हॅम्बुर्ग यांच्या संकरातून काढलेली. पिवळसर, टपोरी, मस्कतच्या वासाची, बी असलेली. १९९७ पासून कानिकात्तीच्या द्राक्षाला भौगोलिक मानांकन आहे, आपल्या सांगलीच्या बेदाण्याला आहे तसंच.

मालक भला माणूस. दादा मांडवाखाली शिरला आणि दुसऱ्या मिनिटाला घडाची खालची शेपटी कुठं कापलीय, किती पाकळ्या ठेवल्यात, घडावर पान किती, हे बघू लागला. मालकाच्या लक्षात आलं की हा गिऱ्हाईक नव्हे, भाऊबंद आहे. मग दीड तास. मांडवावर प्लॅस्टिक चढवायचं काम चालू होतं. उन्हाळा संपताना झाकलं की शरदाचा पाऊस घडांवर पडत नाही, आणि द्राक्ष वेलीवरच डिसेंबरपर्यंत राखता येतं. नाताळच्या बाजारात भाव. आपल्याकडं अवकाळीच्या भीतीनं हल्ली प्लॅस्टिकचं आच्छादन येऊ लागलंय, त्याचा खर्च परवडतो का, हा दादाचा गावाकडून आणलेला प्रश्न. मालकानं खांबाची जाडी, कापडाची रुंदी, एका कापडाचे हंगाम किती, सगळं कागदावर लिहून दिलं. तो कागद पासपोर्टच्या पाकिटात गेला.

छाटणीचं सांगितल्यावर मालक चाट पडला. वर्षातून दोनदा! एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळ छाटणी, कारण आपल्याकडं वेलीला झोपवील अशी थंडीच नाही. इथं वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपते, तेव्हा एकदाच कात्री लागते. "मग तुमची वेल विश्रांती कधी घेते?" असं त्यानं विचारलं. दादा म्हणाला, "आमीबी घेत न्हाई." हे भाषांतर मी केलं.

खुंटावरूनही, म्हणजे ज्या मुळांवर वेलीचं कलम करतात त्यावरूनही, बोलणं झालं. आमच्याकडं डॉगरिज, त्याच्याकडं पॉल्सन. हा ११०३ नंबरचा पॉल्सन खुंट सिसिलीतच तयार झाला. १८८० च्या सुमारास फिलोक्सेराची उवेसारखी कीड बेटावर आली, मुळं खाऊन बागा मारल्या, तेव्हा पालेर्मोच्या सरकारी रोपवाटिकेत फेदेरिको पॉल्सन यांनी अमेरिकन जातींच्या संकरातून दुष्काळ आणि चुनखडी सोसणारे खुंट काढले. आज ते जगभर आहेत. आणि गंधक! भुरी या बुरशीवर आपण मारतो ते गंधक १९व्या शतकात जगाला पुरवणाऱ्या खाणी याच डोंगरांत होत्या. एरवी कोरड्या हवेमुळं इथं केवडा हा बुरशीचा रोग फारसा त्रास देत नाही, पण २०२३ चा वसंत ओला गेला आणि सिसिलीत केवड्यानं पिकं खाल्ली. ते वर्ष आठवून मालकानं हात वर केले, तो हावभाव तासगावातही तसाच करतात.

गुरुवार, वित्तोरिया

वित्तोरियाभोवती प्लॅस्टिकची हरितगृहं एवढी की समुद्रच पांढरा झाल्यासारखा वाटतो; टोमॅटो, वांगी, मिरच्या. त्यांच्या मागं तांबड्या वाळूची जमीन आणि खाली चुनखडी. १६०७ साली वित्तोरिया कोलोन्ना या काउंटेसनं वसवलेलं गाव. वसायला येणाऱ्यांना जमीन देताना तिनं द्राक्ष लावण्याची अट घातली, असं सांगतात.

इथली चेरासुओलो दि वित्तोरिया ही लाल वाईन सिसिलीतली एकमेव डीओसीजी, म्हणजे इटलीतल्या वाईनचा सगळ्यात वरचा दर्जा असलेली, २००५ पासून. तिच्यात दोन जातींची द्राक्षं: निम्म्याहून थोडी अधिक नेरो दाव्होला, बाकी फ्राप्पातो. नेरो दाव्होला काळी, दमदार. पूर्वी ती उत्तरेकडच्या फिक्या वाईनींना रंग आणि ताकद द्यायला टँकर भरभरून जायची. फ्राप्पातो हलकी, स्ट्रॉबेरीच्या वासाची. एकटी फ्राप्पातो थोडी गार करून प्यावी, आपल्या हवेत ती चेरासुओलोपेक्षाही बरी. १९८० मध्ये तीन मित्रांनी आडनावांची आद्याक्षरं जोडून सुरू केलेली कॉस वखार जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत वाईन मुरवते. रांजणांची तोंडं बघून दादा तिथं पहिल्यांदाच तळघरात रमला.

शुक्रवार, राँदात्सो

एटना दिसतो कातानियाच्या खूप आधी. माथ्यावर धुराची रेघ. इथले लोक त्याला नावानं कमी आणि "मुंतान्या", म्हणजे डोंगर, असं जास्त म्हणतात, आणि बोलतात बाईबद्दल बोलावं तसं. घराच्या कौलांवर, रस्त्याच्या कडेला, गाडीच्या काचेवर काळी बारीक राख. हातात घेतली तर रव्यासारखी खरखरीत.

उत्तर उतारावर लिंग्वाग्लोस्सा, सोलिक्याता, पास्सोपिश्यारो, राँदात्सो अशी गावं एका रस्त्यावर ओवलेली. बागा ४०० मीटरपासून १,००० मीटरच्या वरपर्यंत. वेल इथं छातीएवढी झाली: एकेका वेलीला चेस्टनटच्या लाकडाचा एकेक खुंटा, त्याला बांधलेली. पांतेल्लेरियात वाऱ्यानं वेल खाली दाबली होती. इथं थंडी, धुकं आणि पाऊस आहे, म्हणून घड जमिनीपासून वर, हवेशीर हवेत. बांध काळ्या लाव्ह्याचे. उरलेले दगड मध्येच मनोऱ्यासारखे रचून ठेवलेले.

माझ्या मते या सबंध फेरीतली सगळ्यात विलक्षण गोष्ट इथल्या जुन्या वेली. खोडं मांडीएवढी जाड, पिळवटलेली, काही पोकळ. त्यातल्या कित्येक शंभरी ओलांडलेल्या आणि स्वतःच्या मुळांवर उभ्या, खुंट नाही. फिलोक्सेराला वाळूसारख्या राखेत नीट सरकता येत नाही, त्यामुळं काही तुकडे वाचले. दादा अशा एका वेलीभोवती फिरला. आपल्याकडं पंधरा-वीस वर्षांत बाग काढून नवी लावतात. ही वेल त्याच्या पणजोबांच्या काळातली. उत्पन्न किती कमी झालंय ते त्यानं विचारलं नाही.

जात नेरेल्लो मास्कालेझे. एटना रोस्सो या इथल्या लाल वाईनीत ती किमान ८० टक्के, बाकी नेरेल्लो काप्पुच्यो. आम्ही गेलो तेव्हा काही घड जांभळे, काही अर्धे हिरवे. तोडणी ऑक्टोबरच्या मध्यावर. दिवसा ऊन, रात्री स्वेटर. हा फरक साखर सावकाश भरू देतो आणि आंबटपणा राखतो. वाईन रंगाला फिकी, पण घशाला चांगलीच पकडते; चेरी, धूर, लोखंड. उत्तर इटलीतल्या नेबिओलो द्राक्षाची वाईन आवडणाऱ्यांना ही आवडेल. जमीन एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बदलते, कारण प्रत्येक लाव्ह्याचं वय वेगळं. म्हणून इथं बाटलीवर कोंत्रादाचं, म्हणजे त्या त्या वाडीचं नाव घालतात. कोंत्रादा शंभराहून जास्त. एकाच माणसाच्या दोन वाड्यांच्या बाटल्या शेजारी ठेवून प्यालो. एक मऊ, एक कडक. फरक होता, पण नावामुळं किमतीत पडतो तेवढा नव्हता, हे माझं प्रामाणिक मत. बेनांती या स्थानिक घराण्यानं १९८८ मध्ये, आणि २००० नंतर आंद्रेआ फ्रांकेत्ती, मार्को दे ग्रात्सिया, फ्रँक कॉर्नेलिसेन यांच्यासारख्या बाहेरून आलेल्या लोकांनी इथं काम केलं, तेव्हा जग वळून बघू लागलं. त्याआधी एटनाची वाईन रिपोस्तोच्या बंदरातून पिंपांनी बाहेर जायची आणि दुसऱ्यांच्या वाईनीत मिसळली जायची. १९६८ चा डीओसी दर्जा सिसिलीतला पहिला, पण त्यानंतरही कितीतरी बागा पडीकच राहिल्या.

एका जुन्या पाल्मेंतोत गेलो. लाव्हा दगडाचं घर, वरच्या हौदात द्राक्षं पायानं तुडवायची, रस उतारानं खालच्या हौदात, मग भलंमोठं लाकडी दाबयंत्र. आता स्वच्छतेच्या नियमांमुळं विक्रीची वाईन तिथं करता येत नाही. बहुतेक पाल्मेंतोंची उपाहारगृहं झालीत.

राँदात्सोबाहेर मार्च १९८१ चा लाव्हा रस्त्याला आडवा येतो. काही दिवसांत तो बागा, शेतं, रेल्वे, रस्ते गिळत आल्कांतारा नदीपर्यंत गेला. गाव थोडक्यात वाचलं. अजूनही नुसता काळा ढिगारा, शेवाळ आणि इकडंतिकडं एखादं झुडूप. त्याच्या काठाला लागून बाग आहे, घड लागलेले. "पुन्हा आला तर?" दादानं बागेतल्या म्हाताऱ्याला विचारायला लावलं. म्हाताऱ्यानं वर डोंगराकडं पाहिलं, खांदे उडवले, आणि केवड्याबद्दल बोलू लागला.

शनिवार, मिलो

पूर्व उतार वेगळाच. खाली आयोनियन समुद्र समोर, वर डोंगर, त्यामुळं ढग अडतो आणि मिलोवर सिसिलीच्या मानानं मुसळधार म्हणावा असा पाऊस पडतो. चेस्टनटची रानं, हिरवळ. काल याच डोंगरावर होतो हे खरं वाटत नाही. इथं लाल द्राक्ष नीट पिकत नाही, म्हणून कार्रिकांते ही पांढरी जात. एटना ब्यांको सुपेरिओरे हे नाव फक्त मिलोच्या हद्दीतल्या वाईनलाच लावता येतं.

दादानं मणी खाल्ला आणि डोळे मिटले. कैरी! सप्टेंबरात तर तो तसा लागणारच, पण पिकल्यावरही कार्रिकांतेचा आंबटपणा फारसा उतरत नाही, आणि तोच तिचा जीव आहे. नवी बाटली उघडली तर लिंबू आणि ओला दगड, बाकी काही नाही; चव बंद केल्यासारखी. सहा-सात वर्षांची बाटली उघडली तर मध, बडीशेप, किंचित पेट्रोलसारखा वास, आणि लांबत जाणारा खारटपणा. सबंध प्रवासात मी जे जे प्यालो त्यात ही पहिली, मार्साला व्हेर्जिने दुसरी. एटनाच्या लाल बाटल्यांना आता भाव चढलाय. मिलोची पांढरी अजून त्या मानानं आवाक्यात आहे, तेवढ्यात घेऊन ठेवावी.

भारतात माणशी दोन लिटर आणता येतं. माझ्या वाट्याच्या दोन बाटल्या ठरल्या: मिलोची एक, व्हेर्जिनेची एक. दादाचा वाटा रिकामा होता, तेव्हा मी भीतभीत पासितोचा विषय काढला. तो बॅग भरत होता; केपरची बरणी, बदाम, आणि कानिकात्तीचा प्लॅस्टिकचा नमुना त्यानं आधीच कोंबला होता. "आईला काय सांगायचं ते तू सांग," म्हणाला आणि एक बाजू मोकळी करून दिली.